कायले चांगलं?

निनाद, ईरा,

गेल्या रविवारी फोनवर मी मध्येच गप्प झाले आणि नंतर नेट गेलं होतं असं सांगितलं. नेट गेलं नव्हतं. निनाद सांगत होता की त्यानं तिकडं शेतावर फिरायला ती चार जाड चाकांची उघडी गाडी घेतली, चिखलात, बर्फात, कुठंही जाणारी, आणि तिच्यात दुकानातलं सगळ्यात चांगलं तेल टाकलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कायले चांगलं?" तुम्ही दोघं खूप हसलात. आजीला वऱ्हाडी बोलता येतं हे तुम्हाला नवीन होतं.

ते वाक्य माझं नाही. ज्यांचं आहे त्यांच्याविषयी मी तुमच्या बाबालाही कधी काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यात माझीच गोष्ट वाईट निघाली असती. आता ऐंशी जवळ आली. कपाटं आवरून झाली, कागद लावून झाले. एवढं एकच पाकीट नाव न घालता राहिलं आहे. म्हणून लिहिते. ईरा, तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे. सावकाश वाच.

माणसाचं नाव पुंजाजी इंगोले. वाशीम तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात ते ड्रायव्हर होते आणि मी लेखनिक. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यात होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं अजून त्या घरांतली माणसं आहेत. मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, त्यामुळे केंद्रात जो इंग्रजी कागद येई तो माझ्या टेबलावर येई. तसंच एक दिवस बेंडकीचं पुस्तक आलं.

बेंडकी म्हणजे गाडी. दुष्काळ ओसरल्यावर परदेशातल्या एका धर्मादाय संस्थेनं आमच्या केंद्राला ती दिली होती. तीन फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं इंजिन, मागं एक लांब फळी, तिच्यावर बाई आडवी झोपवता यावी एवढी जागा. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात जीपला पोटापर्यंत गिळते. ही मात्र चिखलावरून टुणटुण जायची, म्हणून लोकांनी तिचं नाव बेंडकी, म्हणजे बेडकी, ठेवलं. तिच्यामुळं तीन पावसाळ्यांत किती बाळंतिणी वेळेवर सडकेला लागल्या, ते केंद्रातल्या सिस्टर बोटांवर मोजून सांगायच्या आणि बोटं संपायची.

पुंजाजी उंच होते, खांद्यात वाकलेले. तरुणपणी सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यात ते यंत्रांना तेल घालायचं काम करायचे. त्या गडगडाटात उजवा कान गेला होता. इंजिन चालू केलं की ते डावा कान त्याच्याकडं करून डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसं. डॉक्टरसाहेबच गमतीनं म्हणायचे, "आमच्या केंद्रात डॉक्टर दोन."

त्यांच्या खिशात नेहमी पांढरं फडकं असायचं. ड्रायव्हर लोकांकडं काळं, मळकं फडकं असतं, यांचं रोज धुतलेलं. मी एकदा विचारलं, इतकं पांढरं कशाला, पुन्हा घाणच पुसायची ना? म्हणाले, "मळक्या फडक्यावर घान दिसत नाई बाई. मंग पुसलं काय अन् नाई पुसलं काय."

आणि त्यांची वाक्यं दोन तुकड्यांत यायची. आधी अर्धं बोलायचे, मग फडकं काढून एकेक बोट पुसायचे, मग उरलेलं अर्धं. नवख्या माणसाला वाटे बोलणं संपलं. आम्ही केंद्रातली माणसं थांबायचो, कारण खरी गोष्ट दुसऱ्या अर्ध्यात असायची. हे लक्षात ठेवा.

'चांगलं' या शब्दाशी तर त्यांचं वैरच होतं. शिपाई म्हणाला, बाजारातून चांगली दोरी आणली, की हे विचारणार, "कायले चांगली? बैल बांधाले का कपडे वाळू घालाले?" सिस्टर म्हणाल्या, नवीन मुलगी चांगली आहे हो कामाला. "कायले चांगली? सुई टोचाले का गोड बोलाले?" एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. जाताना म्हणाले, तुमचं केंद्र चांगलं आहे. पुंजाजी दारात उभे होते, त्यांचे ओठ हलले. डॉक्टरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते शब्द परत आत गेले. साहेब गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो.

लिहायला-वाचायला ते सव्विसाव्या वर्षी शिकले. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि त्याच महिन्यात पाटी विकत आणली. "पैले धम्म घेतला, मंग बाराखडी," असं सांगायचे. वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायचे आणि समजल्याशिवाय बोट पुढं सरकायचं नाही. इंग्रजी मात्र येत नव्हतं. म्हणून बेंडकीचं पुस्तक घेऊन ते रोज दुपारी, ओपीडी संपल्यावर, माझ्या टेबलासमोर स्टूल ओढायचे. "बाई, आज कोनतं पान?"

मी वाचायचे, मराठीत सांगायचे. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. शब्द माझे, अर्थ त्यांचा, असं आमचं चालायचं. तेलाच्या पानाला आम्हाला तीन दिवस लागले. पुस्तकात लिहिलं होतं की क्लच इंजिनच्याच तेलात चालतो, तेव्हा घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेलं तेल वापरू नये. मी ते तसंच वाचलं.

"घर्षन म्हंजे?"

"म्हणजे... दोन वस्तू एकमेकींवर घासतात ना, ते."

"तुमच्या मराठीपक्षा माही बरी हाय. निसरडं तेल टाकू नोका, असं म्हना ना सरळ."

मग त्यांनी मला समजावलं. जीपचा क्लच कोरडा असतो, तो अंगाला तेल लागू देत नाही. हिचा क्लच तेलात बुडून बसलेला. इंजिनच्या आतल्या भागांना घसरतं राहायचं असतं, क्लचच्या तबकड्यांना एकमेकींना घट्ट धरायचं असतं, आणि दोघांना तेल एकच.

"एक सासू, दोन सुना," पुंजाजी म्हणाले. फडकं काढलं, बोटं पुसली. "एकीले मऊ बोलाव लागते, दुसरीले धाक पाह्यजे. अन् सासूचं तोंड तं एकच."

मी त्या काळात सासूकडंच राहत होते. मला हसू आवरेना.

त्याच पानावर एक तक्ता होता, किती थंडीत कोणतं तेल, किती उन्हात कोणतं. मी आकडे बदलून सांगितले. त्यांनी ऐकून मान हलवली. केनवड म्हणजे आमच्या जवळचं बाजाराचं गाव. "ह्या पुस्तकात केनवडचं ऊन लिहेल नाई. पन रस्ता बरोबर दाखवून राह्यलं. तक्त्यातलं सर्वायत जाड घेऊ, अन् साधं घेऊ. वरून काई मिसळेल नाई पाह्यजे." वाशीमहून ते तसंच साधं, जाड तेल आणायचे. आणलं की आधी त्याची परीक्षा.

या परीक्षेमुळंच माझं त्यांच्याशी एकदा भांडण झालं होतं. मी टीपकागद मोजून ठेवणारी बाई. महिन्याला सहा मिळत, सहाच्या सहा मला दिसले पाहिजेत. ते कमी व्हायला लागले. शिपायावर मी आवाज चढवला. मग एक दिवस गॅरेजच्या छपराखाली गेले तर पुंजाजी माझ्या गुलाबी टीपकागदावर काडीनं तेलाचा थेंब सोडून त्याच्याकडं टक लावून बसले होते.

"पुंजाजी! ही चोरी आहे."

"चोरी कायची बाप्पा? तुमचा कागद शाई पेते, माह्या हातात आला तं तेल पेते. त्याचं काम तं पेयाचंच हाय."

मग दाखवलं. चांगला थेंब सगळीकडं सारखा पसरतो. वापरलेल्या तेलाचा मध्ये काळा होतो. त्यावरून त्यांना कळे, तेल कधी बदलायचं. कोऱ्या तेलात काही मिसळलं असेल तर तेही मागं राहतं. प्रत्येक डागाखाली ते पेन्सिलनं अक्षरं काढायचे: 'धरते', 'धरत नाई'. 'चांगलं' असं त्यांनी एकाही डागाखाली लिहिलं नाही. त्या दिवसापासून सहापैकी एक टीपकागद मी त्यांच्या नावानं वेगळा काढू लागले.

बेंडकीत मी एकदाच बसले, अनसिंगकडच्या एका वस्तीवर लसीची नोंद करायला. परत येताना एका पाटलाच्या घरची म्हातारी बरोबर आली, पाय मुरगळलेला. फळीवर एक मजूर बाई आधीच तिच्या लेकराला घेऊन बसली होती. म्हातारी उभीच राहिली.

"ह्या फळीवर कोन कोन बसते रे?"

"सारेच बसते आजी. फळी एकच हाय."

"तू कोनाचा?"

"म्या ड्रायव्हर. सरकारचा."

म्हातारीनं आणखी विचारायला तोंड उघडलं. पुंजाजींनी इंजिन मोठं केलं आणि बहिरा कान तिच्याकडं फिरवला. ती बसली. उतरताना त्यांनी तिला हात द्यायला पुढं केला, तेवढ्यात मागं घेतला आणि मला म्हणाले, "बाई, तुमी उतरवा." गंमत सांगताना त्यांचा चेहरा हलायचा तसा तेव्हा हलला नाही.

आता पुढचं. आमचे डॉक्टरसाहेब वाईट नव्हते. हे मी आधीच लिहिते, कारण तुम्ही एखादा वाईट माणूस शोधाल. ते नागपूरचे, हुशार, कामसू. बेंडकीवर त्यांचा जीव होता. एकदा सुट्टीवरून येताना त्यांनी स्वतःच्या खिशातून तिच्यासाठी तेलाचे डबे आणले. सोनेरी डबा, वर इंग्रजी अक्षरं. माझ्या टेबलावर ठेवला. "वाचा बाई, काय लिहिलंय!" मी वाचलं. घर्षण कमी करतं, इंजिनाचं आयुष्य वाढवतं.

पुंजाजी दारात होते. "बाई, थे घर्षन म्हंजे निसरडंच ना?"

मी हो म्हटलं.

"सगळ्यात चांगलं तेल आहे, पुंजाजी," डॉक्टर म्हणाले. "माझ्या मेव्हण्याच्या जीपमध्ये हेच आहे."

"कायले चांगलं?" पुंजाजींनी विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

त्यांनी जुन्या क्लचच्या दोन तबकड्या आणल्या, झिजलेल्या, कॉर्कचे तुकडे बसवलेल्या. एक डॉक्टरांच्या हातात दिली, एक स्वतः धरली, मध्ये आपलं साधं तेल लावून दाबून फिरवली. डॉक्टरांचं मनगट तबकडीबरोबर फिरलं. मग दोन्ही पुसून नवं तेल लावलं. पुंजाजींची तबकडी ओल्या साबणासारखी सटकली, डॉक्टरांचा हात जागेवरच. डॉक्टर मोठ्यानं हसले. "अहो पुंजाजी, इतकं गुळगुळीत! हे तर तुम्ही त्याला सर्टिफिकेटच दिलंत!"

पुंजाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "सर, पुस्तकात असं तेल नको म्हटलंय." इतकंच, आणि तेही हळू. डॉक्टर म्हणाले की ते पुस्तक थंड देशातलं आहे, आणि तुमचे पुंजाजीच म्हणतात ना, त्यात केनवडचं ऊन नाही. मी पुढं बोलले नाही. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. ती पक्की करण्याचा कागद डॉक्टरांच्या शिफारशीसाठी त्यांच्या टेबलावर पडला होता. तुमचा बाबा तीन वर्षांचा होता. ही कारणं आहेत. ती मला तेव्हाही पुरेशी वाटली नव्हती.

पुंजाजी तोंडी सांगून ऐकेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लेखी आदेश काढला. टाईप मी केला. पुंजाजींनी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून तो वाचला, सही केली आणि जुनं तेल काढलं. फेकलं नाही. गाळून घरी नेलं. संध्याकाळी माझ्याकडं एक टीपकागद आणून दिला. त्यावर आधीचे दोन डाग होते, त्यांच्याखाली 'धरते', 'धरते'. तिसरा नव्या तेलाचा. कोऱ्या तेलाचा डाग, आणि मध्ये करडा-काळा ठिपका. खाली 'धरत नाई'.

"ठेवजा बाई. कामी येईन."

मी तो टेबलाच्या वरच्या खणात ठेवला.

पंधरा दिवस बेंडकी सडकेवर उत्तम चालली. डॉक्टर रोज विचारायचे, "काय पुंजाजी?" आणि ते रोज म्हणायचे, "सडकेवर चालून राह्यली सायेब." बोटं पुसायचे. "चिखलात पाहू." तेल बदलू का, असं त्यांनी आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा डॉक्टर चिडले. "डॉक्टर कोण आहे इथं?"

भाद्रपदात एका दुपारी नाल्यापलीकडच्या मळ्यातून निरोप आला. सीतारामजी नावाचे माळी होते, वांगी-मिरच्या पिकवून वाशीमच्या बाजाराला घालायचे. त्यांची सून अडली होती. नाव सुमन. वय एकोणीस. पुंजाजी आणि सिस्टर निघाले. जाताना गाडी रिकामी होती, बेंडकी नाला चढून गेली. येताना फळीवर सुमन, तिच्या उशाशी सासू, पायाशी सिस्टर.

पुढचं मी सिस्टरकडून ऐकलं. नाल्याच्या चढावर अर्ध्यात इंजिन बोंबलायला लागलं आणि चाक हलेना. चिखलात चाक फिरलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. चाक फिरतच नव्हतं. आत तबकड्या तेलात सटकत होत्या. पुंजाजींनी सगळ्यांना उतरवलं, फक्त सुमनला ठेवलं, पुन्हा प्रयत्न केला. जळका वास यायला लागला. मग ते खाली उतरले आणि धावत मळ्यात गेले, सीतारामजींना आणि दोन गड्यांना बाज घेऊन या म्हणाले. चौघांनी बाज खांद्यावर घेतली. चौथा खांदा पुंजाजींचा होता. त्या वेळी कोणी कोणाला काही विचारलं नाही. दीड कोस चिखल होता. बेंडकीला तो अर्ध्या तासाचा. त्यांना दिवस मावळत आला. सडक दिसायला लागली तेव्हा सिस्टरनी बाज खाली ठेवायला सांगितली. घाई करायचं कारण उरलं नव्हतं. सुमनही गेली, पोटातलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी रॉकेलचा एक डबा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर, कागदांवर, तसाच ठेवला. त्यात ते गाळलेलं जुनं तेल होतं.

"चार शेर तेल माह्या खाटेखाली होतं बाई," ते म्हणाले. फडक्याकडं हात गेलाच नाही. "म्या आयकलं काहून?"

चौकशीला अकोल्याहून एक अधिकारी आले. डॉक्टरांच्या खोलीत बसले. डॉक्टर एका बाजूला, मी जबाब लिहायला, पुंजाजी उभे. अधिकारी नेमके त्यांच्या उजव्या हाताला बसले होते, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला पुंजाजींना मान वळवावी लागत होती. अधिकाऱ्यांना ते उद्धटपणाचं वाटलं असावं.

"गाडीत तेल होतं?"

"होतं सायेब. पुरं होतं."

"कसं होतं तेल? चांगलं की खराब?"

"चांगलं होतं."

आणि पुंजाजी थांबले. त्यांचा हात खिशाकडं गेला. अधिकारी माझ्याकडं वळले. "लिहा. तेल चांगलं होतं." ते सिगरेट पेटवत होते. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते. दुसरं अर्धं वाक्य आलं ते मी ऐकलं. त्या खोलीत ते ऐकण्यासाठी थांबलेली मी एकटीच होते.

"जीपले चांगलं होतं."

मी लिहिलं होतं: 'तेल चांगले होते.' पुढं पूर्णविराम दिलेला होता. तो मी तसाच राहू दिला.

जबाब वाचून सही करायला पुंजाजींकडं दिला. बोट एकेका शब्दाखाली सरकत गेलं आणि त्या पूर्णविरामापाशी थांबलं. त्यांनी मान वर केली.

"बाई, थे जीपचं राह्यलं."

"पक्क्या प्रतीत घेते," मी म्हणाले.

ते ज्या माणसाचा शब्द नेमका मानायचे त्या माणसाचं हे वाक्य होतं. त्यांनी सही केली. पक्की प्रत इंग्रजीत करायची होती, ती मीच केली, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली. त्यात लिहिलं की तेल चांगलं होतं असं ड्रायव्हर स्वतः कबूल करतो. ती प्रत त्यांना वाचता येणार नव्हती. टीपकागद माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होता, भिंतीपलीकडं. पुस्तक कपाटात होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि मी कोणी विचारण्याची वाट पाहत बसले.

तेल चांगलं, तर मग चूक चालवणाऱ्याची. हयगय असं ठरलं आणि पुंजाजींना कामावरून काढलं. माझी नोकरी त्याच हिवाळ्यात पक्की झाली. डॉक्टरांनी बदली मागून घेतली. जाताना ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "बाई, मी चांगल्यासाठीच केलं होतं." मी त्यांना विचारलं नाही, कशासाठी चांगलं. तो प्रश्न विचारायचा हक्क मी गमावला होता.

पुंजाजी काही सांगायला, जाब विचारायला एकदाही केंद्रात आले नाहीत. मी त्यांच्या वस्तीवर जाऊ शकत होते. गेले नाही.

तीन वर्षांनी तुमच्या आजोबांबरोबर केनवडच्या बाजाराला गेले होते. भाजीच्या ओळीच्या टोकाला, पत्र्याच्या आडोशाला, एक माणूस दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या इंजिनाकडं डावा कान करून डोळे मिटून उकिडवा बसला होता. शेजारच्या पाटीत वांगी होती आणि पाटीमागं सीतारामजी. जागा त्यांचीच होती. चौकशीत सीतारामजींना कोणी बोलावलंच नव्हतं. त्यांनी मला ओळखलं. "थ्या दवाखान्याच्या बाई ना?" म्हणाले. "आमची सून नेली होती, थेच गाडी." मग पुंजाजींकडं मान करून म्हणाले, "त्याईनं सांगतलं होतं डाक्टरले, तेल धरत नाई म्हून. मले मालूम हाय." असं म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत वांगी टाकली, वर चार जास्त.

पुंजाजी उठून उभे राहिले. केस पांढरे झाले होते. खिशातून फडकं काढलं. ते पांढरंच होतं. एकेक बोट पुसलं. मी पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं तीन वर्षं, आणि विचारलं एवढंच, "कसं चाललंय पुंजाजी?"

"चांगलं हाय बाई."

मी थांबले. सवयीनं. दुसरं अर्धं येईल म्हणून थांबले, त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवेपर्यंत थांबले. ते पुन्हा खाली बसले आणि इंजिनाकडं कान केला. माझ्याकडं त्यांचा उजवा कान होता.

त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

बेंडकी भंगारात गेली. ते केंद्रही आता दुसऱ्या इमारतीत आहे. जबाबाचा कागद कोणत्या तरी कचेरीत असेल किंवा वाळवीनं खाल्ला असेल. पुंजाजींचं माझ्याकडं एवढंच आहे: गुलाबी टीपकागद, आता विटलेला, त्यावर तेलाचे तीन डाग. पेन्सिल पुसट झाली आहे, पण तिसऱ्या डागाखालचं 'धरत नाई' अजून वाचता येतं.